टॉक टॉक ऐकायचं असेल तर आधी मोटर बंद करा

टॉक टॉकचे पाच अल्बम सालवारीने ऐकायला बसू नका. लंडनचा हा बँड १९८२ ला चकचकीत सिंथेसायझर वाजवत आला आणि १९९१ पर्यंत त्याच्या गाण्यांत वाजण्यापेक्षा न वाजणंच जास्त झालं. पहिल्यापासून धराल तर 'द पार्टीज ओव्हर'वरच कंटाळाल. तसं वाजवणारे तेव्हा इंग्लंडात पुष्कळ होते.

मधून घुसा. १९८६ चा 'द कलर ऑफ स्प्रिंग' लावा. चाली अजून गुणगुणता येतात, पण सिंथेसायझर मागे सरलाय आणि पियानो, ऑर्गन, गिटार पुढे आलेत. रावेर-भुसावळ एसटीच्या खडखडाटातही हा अल्बम टिकतो, मी ऐकलाय. दुसऱ्या वेळी फक्त ली हॅरिसचे ड्रम ऐका. पुढेही वाट चुकलात की ड्रमच धरायचे.

मग १९८४ चा 'इट्स माय लाइफ'. निर्माता टिम फ्रीझ-ग्रीन इथून बँडचा गायक मार्क हॉलिसच्या जोडीला आला. एक फेरी पुरे.

'स्पिरिट ऑफ ईडन'ला (१९८८) मात्र अख्खी रात्र द्या. आमच्याकडे शेतीची लाइट पाळीने रात्री येते. केळीची मोटर चालू असताना हा लावलात तर सुरुवातीचं काहीच कानावर येणार नाही: लांबून ट्रम्पेट, तारवाद्यांची पुसट हालचाल, बस. मग गिटार आणि माउथ ऑर्गन शिरतात. तोवर आवाज वाढवायचा मोह होतो, तो आवरा. तिसऱ्या गाण्यात सगळे एकदम अंगावर येतात. आमचा सालदार बांधावरून ओरडला होता, "काय फुटलं भो?" पहिली तीन गाणी एकमेकांत मिसळलेली आहेत, म्हणून शफल बंद ठेवा आणि अल्बम आधीच डाउनलोड करा. शेतात रेंजचा काय भरवसा!

हा आवाज आला कुठून? वेसेक्स स्टुडिओत दिवे मालवून वादकांना तासन्‌तास मनाला येईल ते वाजवू दिलं, आणि त्यातलं बहुतेक पुसून टाकलं. त्यामुळे एखादं वाद्य दोन सूर वाजवून गेलं की त्याची वाट बघू नका, ते येईलच असं नाही.

'लाफिंग स्टॉक' (१९९१) सुरू होताच नुसती सूंऽऽ ऐकू येते. इअरफोन बिघडलेला नाही, तो अँप्लिफायर आहे. इथे घाबरलात तर थेट 'न्यू ग्रास'वर जा. हॅरिस जवळजवळ दहा मिनिटं तोच ठेका धरून बसतो आणि बाकीची वाद्यं त्याच्या आसऱ्याने येतात-जातात. माझ्या मते सगळ्या पाच अल्बममधलं हे सर्वांत सुंदर वादन.

एवढं पचलं तर हॉलिसचा एकट्याचा १९९८ चा अल्बम घ्या. तो अजून विरळ आहे. मे महिन्यात पंख्याखाली लावू नका, पंखाच ऐकत बसाल.