ट्रायथलॉनसाठी जीपीएस घड्याळ कसं वापरावं

गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर होणारी आयर्नमॅन ७०.३ ही ट्रायथलॉन म्हणजे १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल आणि २१.१ किमी धावणं. अशा स्पर्धेला जाणारे कितीतरी जण घड्याळ आठवडाभर आधी घेतात आणि बटणं किनाऱ्यावर उभं राहून चाचपतात. घड्याळ दोन महिने आधीच मनगटावर चढू द्या.

पहिलं काम हार्ट रेट झोनचं, म्हणजे हलक्यापासून जोरदार मेहनतीपर्यंत ठोक्यांचे टप्पे ठरवण्याचं. बहुतेक घड्याळं कमाल ठोक्यांसाठी '२२० वजा वय' धरून चालतात, पण हे ढोबळ सूत्र आहे. चांगला वॉर्मअप करून सपाट रस्त्यावर एकट्यानं ३० मिनिटं, शेवटपर्यंत टिकेल एवढ्या जोरात धावा. दहाव्या मिनिटाला लॅपचं बटण दाबा, म्हणजे तिथून पुढची नोंद वेगळी होते. उरलेल्या २० मिनिटांतल्या ठोक्यांची सरासरी हा तुमचा थ्रेशोल्ड, म्हणजे जोर बराच वेळ टिकवता येईल अशी ठोक्यांची वरची मर्यादा. तो सेटिंगमध्ये भरून झोन त्यावरून ठरवा. सायकलसाठी चाचणी वेगळी घ्या; आकडा सहसा थोडा कमी येतो. छातीवरचा पट्टा परवडत असेल तर घ्याच. घामानं निसटणारा मनगटावरचा सेन्सर कधीकधी ठोक्यांऐवजी पावलंच मोजत बसतो.

तलावात घड्याळ जीपीएस वापरत नाही. हाताची हालचाल आणि भिंतीवरचं वळण यांवरून फेऱ्या मोजतं. म्हणून तलावाची लांबी २५ की ५० मीटर, ती नीट भरा. समुद्रात ओपन वॉटर मोड लावा. हात पाण्याखाली गेला की सिग्नल तुटतो, त्यामुळे नकाशावरची रेघ नागमोडी दिसते. (सगळा दोष उपग्रहांचा नसतो, बोयाकडे (मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेकडे) न बघता पोहलं की आपणही तसेच जातो.)

आता मल्टिस्पोर्ट मोड, म्हणजे सगळे टप्पे एकाच नोंदीत. पोहणं, टी-वन (पोहण्यानंतर सायकलसाठी तयार होण्याचा वेळ), सायकल, टी-टू (सायकलनंतर धावण्यासाठी तयार होण्याचा), धावणं. दर टप्प्याला लॅपचं बटण एकदाच. माझ्या पहिल्या स्पर्धेत टी-वनमधून निघताना मी ते दाबायलाच विसरलो आणि घड्याळाच्या हिशेबी मी ९० किमी कपडेच बदलत होतो. सायकलवरून उतरून लगेच धावायचा सराव करता ना, त्यातच बोटालाही सवय लावा. ऑटो पॉज (थांबलात की घड्याळही थांबणं) बंद ठेवा, नाहीतर पाणी प्यायला थांबलेला वेळ मोजलाच जाणार नाही.

आदल्या रात्री पूर्ण चार्ज करून फोनशी सिंक करा. उपग्रहांची ताजी माहिती आत आली की सिग्नल लवकर मिळतो. सकाळी मोकळ्या आकाशाखाली मोड उघडून सिग्नल मिळेपर्यंत थांबा. सुरुवातीच्या मिनिटभर आधी पुन्हा एकदा बघा, कारण वाट बघून घड्याळ मोडमधून बाहेर पडलेलं असू शकतं.

धावताना घड्याळाचा किलोमीटर रस्त्यावरच्या पाटीच्या थोडा आधीच वाजतो. म्हणून ऑटो लॅप (दर किलोमीटरला आपोआप होणारी नोंद) बंद करून पाटीपाशी स्वतः लॅप दाबा. (आधी सरावात खात्री करा, मल्टिस्पोर्टमध्ये हेच बटण टप्पा बदलत असेल तर पाटीपाशी ते दाबू नका.) गोव्याच्या दमट उन्हात पेस (दर किलोमीटरला लागणारा वेळ) तोच राहिला तरी ठोके चढत जातात. त्या २१ किमीत पेसचा आकडा स्क्रीनवरून काढूनच टाका, फक्त हार्ट रेट ठेवा.