रेफरन्स म्हणून नाव देण्याआधी त्या माणसाला एक फोन करा

"कोण म्हणालात? हां, हां. होती आमच्याकडे. चांगली मुलगी. कधी बरं सोडून गेली ती?"

एवढं बोलून पलीकडचे साहेब थांबले. मागून कुणीतरी त्यांना मीटिंगसाठी हाक मारत होतं. मी आणखी दोन-तीन प्रश्न विचारून पाहिले, पण "कामात चांगली होती", "तक्रार अशी काही नव्हती" यापुढे गाडी सरकेना. त्यांना ती मुलगी आवडायची हे आवाजातच कळत होतं. माझ्यासमोरच्या फॉर्मवर मात्र लिहिण्यासारखं काही मिळालं नाही. त्याच दुपारी दुसऱ्या उमेदवाराच्या मॅडमना फोन लावला. सहा महिने न जुळणारा स्टॉकचा हिशेब त्याने दोन आठवडे बसून कसा जुळवला आणि चूक नेमकी कुठल्या नोंदीत सापडली, हे त्यांनी मला न अडखळता सांगितलं. मुलाखतीत दोघं तोडीस तोड होते. नोकरी दुसऱ्याला मिळाली. आपलं नाव दिलं आहे हे पहिलीच्या साहेबांना माझ्या फोनवरूनच कळलं होतं.

उमेदवार रेफरन्स म्हणून, म्हणजे आपल्या कामाबद्दल सांगू शकतील म्हणून, ज्यांची नावं देतात त्यांना भरतीच्या कामात मी बरीच वर्षं असे फोन करते आहे. चांगल्या माणसांचं अशा साध्या गोष्टीपायी नुकसान होताना पाहिलं की जिवाला लागतं, म्हणून हे सविस्तर लिहिते.

आधी नाव कुणाचं द्यायचं ते बघू. बहुतेक जण पद बघून नाव निवडतात. ज्या डायरेक्टरांशी वर्षातून दोनदा बोलणं झालं त्यांचं नाव वर, आणि ज्यांच्या शेजारी बसून तीन वर्षं काम केलं त्या टीम लीडचं नाव यादीतच नाही. फोनवर डायरेक्टर काय सांगणार? मनाशी एकच विचारा: या माणसाने मला काम करताना पाहिलंय का, आणि माझ्याबद्दलचा एखादा प्रसंग त्याला सांगता येईल का? साधारण दोन किंवा तीन नावं मागतात. त्यांतलं निदान एक तुम्ही थेट ज्यांच्या हाताखाली काम केलंत त्यांचं असावं, आणि ते काम शक्यतो अलीकडच्या काही वर्षांतलं असावं. नातेवाईक नकोत, मित्रही नकोत. नुकतंच शिक्षण संपलं असेल तर प्रोजेक्ट गाइड, इंटर्नशिपमधले वरिष्ठ किंवा एखाद्या स्वयंसेवी कामातले समन्वयक चालतात. जुन्या बॉसशी बिनसलं असेल तर त्यांच्या वरचे साहेब, दुसऱ्या विभागातले ज्येष्ठ सहकारी किंवा तुमचं काम जवळून पाहिलेला एखादा क्लायंट. शेवटच्या मॅनेजरचं नाव का नाही, असं कुणी विचारलंच तर एका वाक्यात खरं कारण सांगा आणि थांबा. लांबलचक खुलासा केला की समोरच्याच्या मनात नसलेली शंका येते.

सध्याच्या ऑफिसातल्या माणसाचं नाव देताना फार जपावं लागतं. पहिली नोकरी बदलताना मी माझ्या वरिष्ठांचं नाव न विचारता लिहून दिलं होतं, नंबर दिला होता त्यांच्या टेबलावरचा. नेमके ते त्या आठवड्यात रजेवर होते. फोन शेजारच्या सहकाऱ्याने उचलला आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या ऑफिसला कळलं की मी दुसरीकडे प्रयत्न करते आहे. पुढचा महिनाभर मला कुठल्याच नव्या कामात घेतलं नाही. म्हणून एचआरला स्पष्ट सांगा की ऑफर हातात येईपर्यंत सध्याच्या कंपनीत फोन करू नका. आम्हाला हे रोजचं आहे, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. तोपर्यंत त्याच कंपनीतून आधी बाहेर पडलेल्या एखाद्या वरिष्ठांचं नाव द्या.

आता विचारायचं कसं? थेट मेसेज टाकू नका. वेळ विचारण्यापुरता मेसेज ठीक आहे, पण मूळ गोष्ट फोनवर किंवा समोरासमोर बोला. "सर, रेफरन्स द्याल का?" असं विचारलं तर भिडेखातर कुणीही हो म्हणतो. त्याऐवजी असं विचारा: "सर, मी अमुक पदासाठी अर्ज करतेय. माझ्या कामाबद्दल तुम्हाला मनापासून चांगलं सांगता येईल असं वाटतं का? वेळ नसेल किंवा अवघड वाटत असेल तर निःसंकोच सांगा, मी दुसऱ्या कुणाला विचारेन." नाही म्हणायला त्यांना वाट मोकळी ठेवलीत की येणाऱ्या होकाराला वजन येतं. उत्तराआधी ते किती थांबतात हेही ऐका. "बघू", "दे तसं माझं नाव, काय हरकत आहे" अशी उत्तरं मी नकारच समजते. आभार मानावेत आणि दुसरं नाव शोधावं. अर्धवट मनाने दिलेला रेफरन्स फोनवर लगेच कळतो. स्तुतीचे शब्द असतात, पण त्यामागे घडलेलं काही नसतं.

होकार आला की दोन गोष्टी लगेच विचारून घ्या. कोणता नंबर आणि ईमेल दिलेला त्यांना चालेल? आणि त्यांच्या कंपनीची परवानगी आहे ना? काही कंपन्यांत माजी कर्मचाऱ्याबद्दल फक्त एचआरने बोलायचं, तेही रुजू होण्याच्या आणि सोडण्याच्या तारखा आणि पद एवढंच, असा नियम असतो. अशा ठिकाणी तुमच्या सीव्हीवरच्या तारखा आणि पद कागदोपत्री आहे तसंच लागतं. काम टीम लीडचं केलं असेल, पण रिलीव्हिंग लेटरवर, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीने दिलेल्या पत्रावर, 'असिस्टंट' असेल, तर सीव्हीवर पद तेच लिहा आणि केलेलं काम खालच्या ओळीत सांगा.

त्यानंतर एक छोटा मेसेज पाठवा. मोठं पत्र कुणी वाचत नाही. असा काहीसा:

"सर, काल बोलल्याप्रमाणे. पद: खरेदी विभागात सीनियर एक्झिक्युटिव्ह. जाहिरात आणि माझा सीव्ही सोबत जोडला आहे. मी तुमच्याकडे तीन वर्षं होते, त्यातलं शेवटचं वर्ष पुरवठादारांची बिलं बघत होते. त्यांना वाटाघाटी करू शकणारी व्यक्ती हवी आहे, त्यामुळे पॅकेजिंगचा करार आपण नव्याने केला तो प्रसंग तुम्हाला आठवत असेल तर उपयोगी पडेल. माझी कमतरता विचारली तेव्हा मी मुलाखतीत सांगितलं की कामं दुसऱ्यावर सोपवायला मला वेळ लागायचा. फोन बहुधा या आठवड्यात येईल."

त्यातली कमतरतेची ओळ गाळू नका. "कुठे सुधारणा हवी होती?" हा प्रश्न आम्ही जवळजवळ नेहमी विचारतो, आणि दोन्हीकडून एकच उत्तर आलं की तुमच्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास बसतो. अर्थात ते तुमचं खरं मत आणि त्यांचंही खरं मत असेल तरच. आठवण करून द्या, वाक्यं पढवू नका. तिन्ही रेफरन्सनी एकच वाक्य म्हटलं की मी पेन खाली ठेवते.

बाकी प्रश्नही त्यांना आधीच सांगून ठेवा: किती काळ ओळखता, कोणत्या नात्याने, जबाबदारी काय होती, दबावाखाली कसं काम केलं, सोडून जाण्याचं कारण काय. आणि शेवटी, संधी मिळाली तर पुन्हा घ्याल का? माझ्या लेखी हा सगळ्यात मोठा प्रश्न. त्याच्या उत्तराला दोन सेकंद जास्त लागले तरी मी ते टिपून ठेवते.

नावं सीव्हीवर छापू नका. तो कागद किती हातांत जातो सांगता येत नाही, आणि प्रत्येकाकडे त्यांचा नंबर जायचं कारण नाही. "मागितल्यास रेफरन्स दिले जातील" ही ओळही नको, ते गृहीतच असतं. वेगळ्या पानावर नाव, पद, कंपनी, तुमचं त्यांच्याशी कामाचं नातं, कोणत्या वर्षी एकत्र होतात, फोन आणि ईमेल एवढं तयार ठेवा. मागितल्यावर द्या आणि देताना फोन साधारण कधी जाईल ते एचआरला विचारा. मग त्याच दिवशी रेफरन्सना कळवा. अनोळखी नंबर हल्ली कुणी उचलत नाही. एका मुलाची ऑफर माझ्या टेबलावर चार दिवस पडून होती, कारण त्याच्या मॅडमना माझे फोन जाहिरातीचे वाटत होते. शेवटी त्याने त्यांना माझा नंबर पाठवला आणि दहा मिनिटांत त्यांचाच मला फोन आला.

निकाल लागला की त्यांना सांगा. नोकरी लागली तर फोन करून, नाही लागली तरीही. त्यांनी आपला वेळ आणि आपला शब्द तुमच्यासाठी दिला, आणि पुढे काय झालं हे बरेच जण त्यांना कळवतही नाहीत. त्याचं त्यांना वाईट वाटतं, हे मला कित्येकांनी फोनवर बोलून दाखवलं आहे. पुढच्या अर्जाच्या वेळी जुन्या होकारावर विसंबू नका, पुन्हा विचारा. मधल्या काळात त्यांची नोकरी किंवा नंबर बदलला असेल, तर तेही तेव्हाच कळेल.