तेल, काशाची वाटी आणि सतरंजी: संपूर्ण शरीराच्या स्वास्थ्यासाठी सुट्टीच्या दिवसाचा क्रम

पुण्यात मान किंवा कंबर धरली की बहुतेक जण दुखणारी जागा तेवढी चोळून घेतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तशाच ताठ खांद्यांनी दुचाकीवर बसतात. माझ्या मते मर्दन आणि हालचाल ही दोन्ही कामे एकाच दिवशी, याच क्रमाने करावीत, कारण नुकत्याच सैल झालेल्या अंगाला हलण्याची नवी पद्धत शिकवणे तुलनेने सोपे जाते.

आदल्या दिवशी सिग्नलला थांबल्यावर स्वतःकडे नीट लक्ष द्यावे. खांदे कानांकडे चढले आहेत का, कोपरे ताठ आहेत का, दात आवळले आहेत का आणि पाय टेकताना प्रत्येक वेळी एकाच बाजूवर भार येतो का, हे पाहिले म्हणजे मानेच्या दुखण्यात हातांचा आणि कमरेचा वाटा किती आहे, ते ध्यानात येते.

सकाळी, पोट रिकामे असताना, कोमट तिळाचे तेल अंगाला लावावे. हातापायांच्या लांब हाडांवर लांब हात फिरवावा आणि गुडघे, घोटे, कोपरे या सांध्यांवर गोल फिरवावा. आयुर्वेदाच्या दिनचर्येत डोके, कान आणि पाय यांच्या अभ्यंगावर विशेष भर आहे. घाई असेल तर निदान तळवे तरी सोडू नयेत. त्यासाठी तुळशीबागेतील भांड्यांच्या दुकानांत काशाची वाटी मिळते का, ते पाहावे. तळव्याला तूप किंवा तेल लावून ती हलक्या दाबाने टाचेपासून बोटांपर्यंत फिरवावी. थोड्या वेळाने तळवा काळपट होतो आणि घरातील मोठी माणसे ‘उष्णता निघाली’ असे म्हणतात. प्रत्यक्षात कासे हा तांबे व कथील यांचा मिश्रधातू असल्याने घासताना त्याचा अंश तेलात उतरतो. पायांना मिळणारा आराम मात्र खरा असतो. त्यानंतर बेसन लावून गरम पाण्याने स्नान करावे आणि न्हाणीघराची फरशी तेलाने निसरडी होते, हे विसरू नये.

आता सतरंजीवर उताणे पडून गुडघे वाकवावेत आणि पावले जमिनीवर ठेवावीत. ओटीपोटावर घड्याळाची तबकडी ठेवली असून बारा बेंबीकडे आणि सहा माकडहाडाकडे आहे, अशी कल्पना करून कंबर बारापासून सहापर्यंत आणि परत, अगदी सावकाश झुकवावी. नंतर तीन ते नऊ असे करावे. भौतिकशास्त्रज्ञ आणि ज्यूदोपटू मोशे फेल्डेनक्राइस (१९०४–१९८४) यांच्या पद्धतीतील हा पाठ आहे. येथे ताण देणे हा हेतू नसून कोणत्या आकड्याजवळ हालचाल अडखळते आणि तेथे श्वास रोखला जातो का, हे ओळखणे महत्त्वाचे आहे. जोर लावला की हे बारकावे कळेनासे होतात, म्हणून हालचाल जितकी लहान ठेवता येईल तितकी ठेवावी.

शेवटी पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवून, डोक्याखाली घडी केलेले घोंगडे घेऊन दहा मिनिटे पडून राहावे. शरीराला असा आधार देण्याची रीत पुण्याला नवी नाही: १९३७ मध्ये येथे आलेल्या बी. के. एस. अय्यंगार यांनी लोड, पट्टे, दोर आणि खुर्च्या यांचा वापर आसनांसाठी रूढ केला आणि १९७५ मध्ये त्यांची संस्था शिवाजीनगर भागात उभी राहिली.

ताप असताना अभ्यंग करू नये. एकच पोटरी सुजून गरम आणि लाल झाली असेल, तर आत रक्ताची गुठळी असू शकते. ती न चोळता त्वरित डॉक्टरांकडे जावे. पायांत बधिरपणा येऊन लघवीवरील ताबा सुटत असेल, तर थेट रुग्णालय गाठावे. गरोदरपण, हाडांचा ठिसूळपणा किंवा रक्त पातळ करणारी औषधे असतील, तर आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

थेरपिस्टकडे जायचे ठरल्यास तो हात लावण्याआधी जुन्या दुखापती, शस्त्रक्रिया आणि औषधे यांची चौकशी करतो का आणि ‘दाब कमी करा’ म्हटल्यावर लगेच कमी करतो का, हे पाहावे. घरी करण्यासाठी एकही हालचाल न शिकवता दहा बैठकांचे पॅकेज पुढे करणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नयेत.