पुराचं पाणी घरात शिरून गेल्यावर: मुंबईतल्या तळमजल्यासाठी

पाणी ओसरलं तरी आधी मेन स्विच बंद. बुडालेले सॉकेट आणि बोर्ड इलेक्ट्रिशियनने उघडून तपासल्याशिवाय वीज चालू करू नका.

गाळ ओला असतानाच काढा, वाळला की सिमेंटसारखा बसतो. मग १० लिटर पाण्यात साधारण १५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवा, पावडरचा गाळ खाली बसू द्या आणि वरच्या नितळ पाण्याने फरशी नि भिंती पुसा. हातमोजे घाला, पुसताना खिडक्या उघड्या ठेवा. यात अ‍ॅसिड किंवा टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

खरी चूक सुकवण्यात होते. बाहेर पाऊस कोसळत असताना खिडक्या उघड्या ठेवल्या तर दमट हवाच आत येते. त्यापेक्षा दारं-खिडक्या लावून एसी ‘ड्राय’ मोडवर ठेवा, पंखा भिंतीकडे वळवा. ऊन पडलं की सगळं उघडा. प्लायवूडची कपाटं भिंतीपासून हातभर ओढा. फुगलेला प्लाय पुन्हा सरळ होत नाही.

भिंतीवर बोटाने टकटक करा. पोकळ, बद्द आवाज आला तिथलं प्लास्टर सुटलंय, ते काढाच.

रंगाची घाई नको. हातभर प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा. २४ तासांनी आतून थेंब दिसले तर ओल अजून आहे; त्यावर पुट्टी मारली तर फोड येऊन पापुद्रे सुटतात. पांढरा लोणा, म्हणजे ओलीमुळे भिंतीवर फुटलेला क्षार, कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुतला तर तो पुन्हा भिंतीत मुरतो.