आधी मूळ पंख उडवा, मग बदल करा

माझं रिमोटवर उडणारं शिकाऊ विमानाचं मॉडेल (ट्रेनर) दीड मीटर पंखांचं. पंखाची रुंदी २५ सेंटिमीटर, बॅटरीसकट वजन १५०० ग्रॅम. उतरताना वेग कमी झाला की ते डाव्या पंखावर कलंडायचं, आणि गोव्यातल्या आमच्या डिचोलीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, खाली जांभा दगड. दोनदा पोट फाटलं तेव्हा ठरवलं की पंखाच्या वर पट्ट्या लावून बघायच्या. लावल्या, उडवलं, विमान हळू उडायला लागलं. मी खूश. आठवड्याने कळलं की त्या दिवशी मी छोटी बॅटरी घातली होती, जवळपास ७५ ग्रॅम हलकी. वेग फार कमी झाला की हवा पंखावरून सुटते आणि पंख विमान पेलू शकत नाही, हाच स्टॉल. वजन ५ टक्के घटलं की स्टॉलचा वेग अडीच टक्के घटतो, पट्ट्या असोत वा नसोत. शिवाय नाकातलं वजन कमी झाल्याने गुरुत्वमध्यही मागे सरकला होता. म्हणून सांगतो, आधी काहीही न बदलता निदान दहा स्टॉल मोजा, आणि प्रत्येक उड्डाणाआधी मॉडेल काट्यावर तोला आणि गुरुत्वमध्य तपासा.

जागा निवडताना ड्रोनसाठीचा सरकारी हवाई नकाशा उघडून बघा. मोपा आणि दाबोळी या विमानतळांच्या कुंपणापासून पाच किलोमीटरपर्यंत रेड झोन आहे, तिथे परवानगीशिवाय उडवायचं नाही. सड्याची जमीन ज्याची असेल त्याला विचारा. पावसाळ्यात सड्यावर बारीक फुलं येतात, तेव्हा मी तिथे पायच ठेवत नाही.

आमच्याकडे दुपारी खारा वारा सुटतो, म्हणून चाचणी सकाळीच. पण फार लवकरही नको, कारण दव. पंखावर हवेची दिशा दाखवायला मी लोकरीचे चार-चार सेंटिमीटरचे तुकडे टेपने चिकटवतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली साधी लाल लोकर पुरते. ती ओली झाली की पंखाला चिकटून बसते आणि हवा सुरळीत वाहतेय असं खोटंच दाखवते. पंख पंचाने कोरडा पुसा, टेप लावायच्या जागी स्पिरिट फिरवा, आणि एकेका धाग्याला फुंकर मारून बघा. सगळे हलले तरच उडवा. छोटा कॅमेरा शेपटीच्या बुडाशी, पंखाकडे तोंड करून. त्याचंही वजन काट्यावर धरा.

६० मीटर उंचीवर वाऱ्याला तोंड करा, थ्रॉटल (मोटरचा जोर) पूर्ण खाली घ्या, इलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची फळी) अगदी सावकाश ओढा. मोठ्या विमानांच्या चाचणीत वेग सेकंदाला एका नॉटपेक्षा (ताशी १.८५ किलोमीटर) जास्त दराने उतरवत नाहीत. झटक्यात ओढलंत तर आकडे कामाचे राहत नाहीत. मग तेच वाऱ्याच्या दिशेने करा आणि जीपीएसच्या दोन्ही वेगांची सरासरी घ्या. माझ्या मॉडेलचा स्टॉल ताशी २८ किलोमीटरच्या आसपास येतो.

पण वेगाच्या आकड्यापेक्षा मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे: आधी थरथर जाणवते का, एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणारी पंखावरची फळी) शेवटपर्यंत ऐकतं का, आणि कुठला पंख पडतो. व्हिडिओत धागे आधी कुठे उलटे फिरले ते बघा. पंखाच्या बुडाशी, म्हणजे धडाजवळ, फिरले तर विमान सरळ नाक टाकतं. टोकाशी फिरले तर कलंडतं. माझे डाव्या टोकाशी फिरत होते.

आता बदल, एका वेळी एकच. त्या पट्ट्या म्हणजे व्हॉर्टेक्स जनरेटर, छोटे भोवरे उठवून हवा पंखाला धरून ठेवणारे. ते मी प्लास्टिकच्या फाईल कव्हरचे कापतो, पाच मिलिमीटर उंच. पुढच्या कडेपासून रुंदीच्या दहाव्या हिश्शावर, जोडीजोडीने, हवेला १५ अंश तिरपे. दाबोळीवरून उडणाऱ्या नौदलाच्या सी हॅरियर या लढाऊ विमानाच्या पंखावरही अशा पट्ट्यांची रांग होती. दुसरा बदल म्हणजे फक्त बाहेरच्या अर्ध्या पंखाची पुढची कड खाली झुकवायची. नासाने एए-१ यांकी या छोट्या विमानावर हे तपासलं होतं. झुकलेली कड सुरू होते तिथली पायरी घासून गोल करण्याचा मोह होतो, मलाही झाला होता. करू नका. त्या पायरीवरून निघणारा भोवराच आतला स्टॉल बाहेर सरकू देत नाही.

मॉडेलवरचा निष्कर्ष खऱ्या विमानाला जसाच्या तसा लावू नका. या वेगाला माझ्या पंखाचा रेनॉल्ड्स अंक (वेग आणि पंखाची रुंदी यांवरून हवा कशी वागेल ते सांगणारा आकडा) सव्वा लाखाच्या आसपास आहे, चार आसनी विमानाचा वीस लाखांच्या पुढे. तिथे हवा वेगळी वागते. आणि खऱ्या विमानावर मंजुरीशिवाय एक पट्टीही चिकटवायची नाही.

शेवटी पट्ट्या काढा आणि मूळ पंखाने पुन्हा तेच दहा स्टॉल घ्या. हे बहुतेक जण टाळतात. मी काढल्या, तेव्हा तिसऱ्याच स्टॉलला डावा पंख पूर्वीसारखा पडला. पट्ट्यांचा उपयोग होतोय हे मला तेव्हा पटलं.