माळढोक पाहायला जैसलमेरला जायचंय? मग उंटावर बसू नका

सोयाबीन निघालं, हरभरा पेरून झाला, तूर अजून शेंगेत. डिसेंबरातले हे आठ-दहा दिवस मोकळे असतात, तेव्हाच जा. मार्चनंतर जाणं म्हणजे आपलाच वैशाख पैसे मोजून दुसऱ्याच्या गावी भोगणं. नागपूरहून जोधपूर, पुढे जैसलमेर. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी तिकीट काढा. उन्हाचं आपल्याला कोणी शिकवायला नको, पण स्वेटर आणि कानटोपी विसरू नका. पहाटे उघड्या जीपमध्ये दुपट्ट्याने काही भागत नाही.

आता गाडी ठरवणं. पहिल्या वेळी मी इथेच फसलो. फोनवर ‘डेझर्ट सफारी’ म्हणाले, मी हो म्हणालो. गाडीवाल्याने सम गावाजवळच्या वाळूच्या टेकाडांवर नेलं, उंटावर बसवलं, रात्री नाच दाखवला. दुसऱ्या दिवशी हट्ट धरला तेव्हा अकरा वाजता सुदासरीला, म्हणजे माळढोक दिसतो त्या रानात, पोचलो. ऊन चढलं होतं, जमिनीवरची हवा थरथरत होती. दुर्बिणीतून दगड, झुडूप आणि पक्षी सगळे सारखेच हलत होते. एक हरीण दिसलं म्हणून परत आलो, तेही चिंकारा की काय ते सांगता येईना.

माळढोक वाळूत राहतच नाही, गवतात राहतो. राष्ट्रीय मरुउद्यान ३१६२ चौरस किलोमीटरचं आहे, त्यात गावं, शेतं, चराई सगळं आलं. तुम्हाला हवं ते सुदासरीचं कुंपण घातलेलं सेवण गवताचं रान. म्हणून फोनवर एकच विचारा: “भैया, गोडावण दिखाओगे? सुबह कितने बजे निकलोगे?” तिकडे माळढोकाला गोडावणच म्हणतात. उत्तरात उंट किंवा सनसेट आला की फोन ठेवा. “पाँच बजे” म्हणाला तर हाच माणूस पकडा, शंभर-दोनशे जास्त मागितले तरी द्या. जैसलमेरहून तासाभराहून जास्त लागतो आणि तुम्ही सूर्योदयाला तिथे हवेत. वनखात्याची परवानगी आदल्या दिवशीच जैसलमेरातून घ्या, सोबत आधार कार्ड ठेवा. सीमेकडे आणखी आत जायचं असेल तर वेगळी परवानगी लागते, त्या भानगडीत पहिल्या खेपेला पडू नका.

पोचल्यावर खाली उतरून पाठलाग करू नका. मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. गाडीत बसून गवताच्या रेषेवर नजर फिरवत राहा. मला दिसला तो आधी नुसती पांढरी मान म्हणून, गवतात कोणी चुन्याची काठी रोवावी तशी. मग काठी चालायला लागली. आमच्या वरोरा-भद्रावतीच्या माळावरही हा पक्षी होता. विजेच्या तारा त्याचा काळ ठरल्या: अंगाने जड, समोरचं नीट दिसत नाही, ऐनवेळी वळता येत नाही.

नऊपर्यंत दिसला नाही तर दुसऱ्या पहाटे पुन्हा जा. म्हणून मुक्काम दोन रात्रींचा धरा.

दुपार उरली तर बाडमेर रस्त्यावर सतराएक किलोमीटरवर आकलचं जीवाश्म उद्यान आहे, दगड झालेली जुरासिक काळातली खोडं. सिरोंच्याजवळचं वडधमचं जीवाश्म उद्यान पाहिलेल्याला तिथे अर्धा तास पुरतो.