आधी बघा, मग फवारा: परसबागेतल्या या चुका टाळा

माघ महिना होता. वालीच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा बसला होता आणि त्यात मधेमधे राखाडी, नारिंगी ठिपक्यांच्या, खरखरीत अळ्या फिरत होत्या. तांदळाच्या दाण्याएवढ्या, पण दिसायला थेट सुसरीची पिल्लं. मला वाटलं, हे काहीतरी नवीनच लागलं. तंबाखू उकळून पाणी केलं आणि दोन दिवस फवारलं. अळ्या मेल्या, मावाही बराच गेला. दहाव्या दिवशी बघते तर मावा दुप्पट आणि अळ्या मात्र एकही नाही.

त्या ढालकिड्याच्या अळ्या होत्या. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला तो लेडीबर्ड, त्याचीच पिल्लं. त्या माझी वाल खात नव्हत्या, माव्यावर जेवत होत्या. माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लं घालते आणि ती पिल्लं साधारण आठवडाभरात स्वतः पिल्लं घालू लागतात. ढालकिड्याला अंड्यापासून पाठीवर ठिपके येईपर्यंत तीन-चार आठवडे लागतात. म्हणजे दोघांनाही मारलं तरी आधी परत येतो तो मावाच, आणि तेव्हा त्याला खाणारं कोणी उरलेलं नसतं.

तेव्हापासून मावा दिसला की मी आधी तीन गोष्टी करते. फार माखलेले शेंडे खुडून टाकते, बाकीच्यांवर पाण्याची जोरदार धार मारते आणि मुंग्या बघते. मुंग्या वेलावर वर-खाली करत असतील तर त्या माव्याचा गोड चिकटा खायला येतात आणि त्या बदल्यात ढालकिड्यांना हुसकावून लावतात. मांडवाच्या खांबाला कापडाची पट्टी गुंडाळून तिला ग्रीस फासलं की ही राखण थांबते. आठवडाभर एवढंच. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण असेल तर आणखी एक फसगत होते. त्यालाच खाणाऱ्या एका ढालकिड्याची अळी हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी पांढरी, मेणचट असते. फरक एवढाच, की तिच्या अंगावरच्या झिपऱ्या लांब असतात आणि ती चालते भराभर.

आमचं घर रत्नागिरी तालुक्यात. जांभ्याची लाल माती, तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि दिवाळीनंतर मेपर्यंत कोरडं. पुढचे महिने त्या हिशेबाचे आहेत, देशावर थोडे मागेपुढे करून घ्यावेत.

मे महिन्यातली साफसफाई

रोहिणी लागलं की घरोघरी कोयते निघतात. पावसाआधी कुंपण छाटायचं, जास्वंद बुटकी करायची, पातेरा गोळा करून पेटवायचा. बागेतल्या जिवांची सगळ्यात जास्त हानी मी याच आठ दिवसांत होताना बघितली आहे, आणि करणाऱ्याला ती दिसतही नाही.

बुलबुलाचं घरटं बहुतेक वेळा छातीच्या उंचीवर, दाट झुडपात असतं. चहाच्या बशीएवढी वाटी. शिंपी त्याहून हुशार. रुंद पानाच्या कडा जवळ ओढतो, कडेने ओळीने भोकं पाडतो आणि प्रत्येक भोकातून कापसाचा किंवा कोळिष्टकाचा धागा ओवून त्याची टोकं बाहेर पिंजून ठेवतो, म्हणजे टाका सुटत नाही. लांबून ते फक्त वळलेलं पान दिसतं, आणि आपण वळलेलं पान म्हणजे रोग समजून तोडतो. म्हणून छाटणीच्या आदल्या दिवशी पाच मिनिटं लांब उभं राहून बघावं. पाखरू एकाच झुडपात पुन्हा पुन्हा शिरत असेल तर ते झुडूप सोडून द्यावं. अंडी घातल्यापासून पिल्लं उडेपर्यंत साधारण महिना लागतो. जोरदार छाटणी पौषात करावी, तेव्हा घरटी सगळ्यात कमी असतात. मेमध्ये फक्त कौलांवर टेकलेल्या फांद्या, त्याही बघून.

पातेऱ्याबद्दल माझं आणि सासूबाईंचं दर वर्षी वाजतं. त्यांचं म्हणणं, पातेऱ्यात विंचू बसतात. बसतातच. म्हणून ढीग घराला लागून नको, परसाच्या टोकाला असावा आणि त्यात कधी उघडा हात घालू नये. पण भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपं करायच्या जागेसाठी, भाजणं वेगळं आणि परसातला सगळा पातेरा पेटवणं वेगळं. फाल्गुनात गळलेला पातेरा माडाच्या आणि लिंबाच्या आळ्यात वीतभर पसरला तर एप्रिल-मेमधलं पाणी वाचतं. मात्र मृगाचा पाऊस पडला की हाच पातेरा बुंध्यापासून दोन वीत मागे ओढायला हवा. नाही ओढला तर साल कुजते, मग लोक म्हणतात आच्छादनाने झाड मेलं.

पहिल्या सरीनंतर ओल्या मातीवर जो लाल मखमली मृगाचा किडा फिरतो तो वर्षातला बहुतेक काळ जमिनीखाली असतो. दुसऱ्या किड्यांची अंडी हे त्याचं खाणं. मेमध्ये वाळवीच्या धास्तीने सगळ्या परसभर विषारी भुकटी टाकली तर जूनमध्ये तो दिसणार नाही. मुलांनी एखादा काडेपेटीत ठेवला तर ठेवू द्या, पण संध्याकाळी परत सोडायला लावा.

लिंबाच्या पानावरची विष्ठा

लिंबाच्या कोवळ्या पानावर पाखराची काळी-पांढरी विष्ठा पडल्यासारखं दिसलं तर जवळ जाऊन बघा. ती हलत असेल तर ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी. थोडी मोठी झाली की कात टाकून हिरवीगार होते. तेव्हा तिला काडीने हलकेच डिवचलं तर डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढते आणि आंबूस वास सोडते. घाबरवायला एवढंच तिच्याकडे आहे, चावत नाही.

गुडघ्याएवढं रोप असेल तर चार अळ्या ते बोडकं करतात, हे खरं. तेव्हा अळ्या पानासकट उचलून मोठ्या लिंबावर, कढीलिंबावर किंवा बेलावर नेऊन ठेवाव्यात. डोक्याएवढ्या झाडाला काहीही करू नये, पुढच्या पालवीत ते भरून निघतं. २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून मान दिलेलं ब्लू मॉर्मनसुद्धा लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतं. फुलपाखरू हवं आणि अळी नको, असं जमत नाही.

निंबोळी अर्क निरुपद्रवी, हाही एक गोड गैरसमज. तो या अळ्यांनाही बाधतो. वापरायचाच तर लीटरभर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, गाळून, तिन्हीसांजेला आणि फक्त जिथे लागण आहे तिथेच मारावा.

इथे दया नको

सगळेच पाहुणे नसतात. मुठीएवढी, लांबट शंखाची, तपकिरी पट्ट्यांची गोगलगाय पावसात भिंतीवर दिसू लागली तर ती आफ्रिकन. मूळ पूर्व आफ्रिकेतली, १८४७ साली विल्यम बेन्सन या शंखांच्या अभ्यासकाने मॉरिशसहून कोलकात्यात आणली आणि तिथून पसरली. एका वेळी शेकड्याने अंडी घालते. कुंडी उचलल्यावर खाली भिजवलेल्या साबुदाण्यासारखी पिवळसर रास दिसली तर ती तिचीच.

इथे नेहमी होणाऱ्या चुका दोन. एक, मीठ फेकणं. गोगलगाय मरते, पण ते मीठ वाफ्यातच मुरतं. दुसरी, दुकानातल्या विषारी गोळ्या विखरून टाकणं. त्या कुत्र्याने खाल्ल्या तर कुत्रा जातो, आणि मेलेल्या गोगलगायी उचलणाऱ्या पाखरांनाही धोका.

त्याऐवजी गोणपाट गुळाच्या पाण्यात बुडवून दिवेलागणीला वाफ्याच्या कडेला पसरा. सकाळी उजाडताच उलटा, खाली जमलेल्या असतात. हातमोजे घालूनच वेचा, कारण त्यांच्या अंगात माणसाला बाधणारे कृमी असू शकतात. बादलीत घट्ट साबणपाणी करून त्यात टाका आणि नंतर खोल पुरा. श्रावण संपेपर्यंत रोज. एक दिवस करून "काही उपयोग नाही" म्हणणाऱ्यांनी न केलेलंच बरं.

मदतनीस फुकट मिळतात. भारद्वाज या गोगलगायी फोडून खातो, त्याला लपायला दाट झुडूप लागतं. काजव्याच्या अळ्याही गोगलगायींवर जगतात, त्या ओल्या पातेऱ्यात असतात. म्हणजे मेमध्ये पातेरा पेटवला, वर रात्रभर अंगणात हॅलोजन जाळला (काजव्यांना जोडीदाराचा उजेड दिसेनासा होतो), तर जुलैत गोगलगायी कुठून आल्या हे विचारायला नको.

फुलं भरपूर, फळ नाही

दर जुलैत मला हा फोन येतोच. काकडी-भोपळ्याचा वेल नवा असेल तर थांबा, सुरुवातीची फुलं बहुतेक नर असतात. ज्या फुलामागे बारीकसं फळ चिकटलेलं दिसतं ते मादी. मादी फुलं येऊनही बारकं फळ पिवळं पडून गळत असेल तर परागीभवन झालेलं नाही. मुसळधार पावसात सातेरी मधमाश्या बाहेर पडत नाहीत, त्यांचं काम आपल्याला करावं लागतं. नर फूल तोडून, पाकळ्या मागे दुमडून मादी फुलाच्या मध्याला टेकवायचं. वेळ मात्र चुकवू नका. काकडी, कारली, भोपळा सकाळी. दोडका आणि दुधी संध्याकाळी, कारण ती फुलं उन्हं कलल्यावर उमलतात. काकडीवर सकाळी नऊला औषध मारणारा माणूस मधमाश्याच मारतो आणि मग फळ धरत नाही म्हणून आणखी औषध आणतो.

फळ धरून वाकडं होत असेल, त्यावर डिंकाचा थेंब किंवा बारीक डंख दिसत असेल तर ती फळमाशी. सापळा लावा, पण आंब्याचा नव्हे. आंब्याच्या सापळ्यात मिथिल युजेनॉल हे आमिष असतं, वेलवर्गीय भाज्यांच्या फळमाशीला क्यू ल्यूर हे वेगळं आमिष लागतं. गेल्या वर्षीचा आंब्याचा सापळा काकडीच्या मांडवाला टांगून काही सापडत नाही. शिवाय सापळ्यात फक्त नर येतात, म्हणून किडकी फळं रोज वेचून फूटभर खोल पुरायची. खताच्या ढिगात टाकली तर आपणच फळमाशी पाळली.

पाण्याची थाळी

उथळ हवी, दोन-तीन बोटं पाण्याची, मधे एक दगड. दर दोन दिवसांनी घासून पाणी बदला. आठवडा गेला की त्यात डास तयार. मांजराला दबा धरता येईल अशा झुडपाजवळ ठेवू नका. यात फार काही शास्त्र नाही.

जुनी जाळी

आमच्याकडे मासेमारीची जुनी नायलॉन जाळी स्वस्तात मिळते. कोंबड्या वाफ्यात शिरू नयेत म्हणून सगळेच लावतात, मीही लावली होती, खालचा भाग मातीवर लोळता. दोन वर्षांपूर्वी श्रावणात सकाळी पडवळाच्या मांडवाखाली जाळीचा गोळा फुगलेला दिसला. त्यात सात फुटी धामण. खवल्यांची टोकं मागे वळलेली असल्याने जाळीत शिरलेला साप पुढे जाऊ शकतो, मागे येत नाही. जितका जोर करतो तितका दोरा रुततो. तिच्या अंगावर तीन ठिकाणी तो खवल्यांखाली गेला होता.

शेजारचे भाऊ काठी घेऊन आले, नाग म्हणूनच. फणा नाही, डोळे मोठे आणि गोल, हे सांगायला दोन मिनिटं गेली. मग गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिणारी धामण ती हीच, यावर आणखी पाच. साप दूध पीत नाही, उंदीर खातो. असा प्रसंग आला तर जाळी ओढू नका, ओळखीचा असला तरी साप स्वतः धरू नका. सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि तोवर वर ओलं फडकं टाकून सावली करा. आमच्या सर्पमित्राला छोट्या कात्रीने एकेक दोरा कापायला पाऊण तास लागला.

जाळी हवीच असेल तर ताणून बांधा आणि खालचा वीतभर भाग झावळ्यांनी किंवा बांबूच्या काठ्यांनी बंद करा, नायलॉन जमिनीला टेकता कामा नये. पीक निघालं की गुंडाळून माळ्यावर. वानरांसाठी मात्र जाळीवर खर्च करू नका, ते ती उचलून आत येतात. कडेच्या ओळीत हळद, सुरण, आलं लावा, त्यांना सहसा ते हात लावत नाहीत, आणि एकदाही कौतुकाने केळं देऊ नका.

सर्पमित्राने धामण तिथेच सोडली. ती थोडा वेळ तशीच पडून राहिली, मग पडवळाच्या आळ्यावरून सरळ लाकडांच्या खोपीत शिरली. उंदीर तिथेच असतात.